डोकं ‘ठणकतं’ की ‘आवळतं’?

जुलै उजाडला की मी माणसांत नसते, असं आमच्या घरी म्हणतात. मी मुद्रितशोधक. पुण्यात बावीस वर्षं प्रुफं तपासतेय. वर्षभर गाइडं, कथासंग्रह, कुणाकुणाची आत्मचरित्रं. आणि जुलै ते ऑक्टोबर दिवाळी अंक. एका वेळी तीन-तीन अंकांचे फर्मे, म्हणजे छपाईच्या पानांचे गठ्ठे, टेबलावर, संपादकांचे फोन आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॅपवर येणारी ‘शेवटची’ पीडीएफ, जिच्यानंतर आणखी दोन शेवटच्या येतात.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका भाद्रपदात माझं डोकं दुखायला लागलं आणि दुखतच राहिलं. सकाळी अकराच्या सुमारास कपाळाला कुणी ओलं फडकं घट्ट बांधल्यासारखं व्हायचं. ते फडकं दुपारी कानांवरून मागे सरकायचं, संध्याकाळी मानेपर्यंत पोचायचं आणि रात्री जणू त्याला गाठ बसायची. अंथरूण धरावं इतकं काही दुखत नव्हतं, पण विसरून कामाला लागावं इतकं कमीही नव्हतं. त्या महिन्यात माझ्या हातून एका लेखाच्या शीर्षकात ‘आशिर्वाद’ सुटला. ऱ्हस्व. चोवीस पॉइंटात छापून आला. लेखकाने फोन केला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पहिल्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर बदलला. शेजारच्या काकू म्हणाल्या, सायनस असेल, वाफ घे. वाफ घेतली; नाक मोकळं झालं, फडकं होतं तिथेच. शेवटी एका फिजिशियनकडे गेले. मी मेंदूचा स्कॅन लिहून द्या म्हणणार होते, पण त्यांनी आधी प्रश्न विचारायला घेतले, आणि पहिलाच प्रश्न होता, ‘दुखतं म्हणजे नेमकं काय होतं?’

मी म्हटलं, ‘दुखतं.’

‘दुखतं तर सगळ्यांचंच, ताई. ठणकतं, ठसठसतं, टोचतं, आवळतं, भणभणतं, जड होतं… यातलं काय?’

योग्य क्रियापद निवडण्याचे पैसे घेणारी मी, मला पटकन उत्तर देता येईना. मग म्हटलं, ‘आवळतं.’ त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. ताणाच्या डोकेदुखीचं निम्मं निदान तिथेच झालं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून कुणी डोकं धरून समोर आलं की मी हाच प्रश्न विचारते. तुम्हीही स्वतःला तो विचारा.

आधी क्रियापद शोधा

ताणाची डोकेदुखी आवळते, दाबते, जड होते. शक्यतो दोन्ही बाजूंना असते: कपाळ, दोन्ही कानशिलं, डोक्यामागचा भाग, मान. नाडीबरोबर ठोके पडत नाहीत. तीव्रता सौम्य ते मध्यम, म्हणजे माणूस कुरकुरत का होईना काम करत राहतो. अर्ध्या तासात ओसरते किंवा सात दिवसही रेंगाळते. आणि एक खूण मला फार कामाची वाटते, ती जिन्याची. आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले चढून गेल्यावर माझं डोकं होतं तेवढंच दुखायचं, वाढायचं नाही. ताणाच्या डोकेदुखीत चालण्याने, जिना चढण्याने दुखणं वाढत नाही. अर्धशिशीत बहुधा वाढतं.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, मी घरात जवळून पाहिली आहे. माझ्या थोरल्या नणंदेला ती आहे. वन्संचं डोकं दुखायला लागलं की घरात आधी दिवे जातात. ‘अगं, ती खिडकी लाव, आणि कुकरची शिट्टी नको करूस,’ एवढं बोलून त्या पांघरूण डोक्यावर घेतात. त्यांचं एका बाजूला, डोळ्याच्या मागे, घणाचे घाव पडल्यासारखं ठणकतं. मळमळतं. उलटी झाली की बरं वाटतं. तीस वर्षं आमच्याकडे याला ‘पित्त’ म्हणत होते. आवळा, कोकम, लिमलेटच्या गोळ्या, सगळं झालं. उलटी हा त्या डोकेदुखीचाच एक भाग होता, पोटाचा त्यात काही दोष नव्हता. तुमच्या घरातही दर महिन्याला ‘पित्त उसळून’ अर्धं डोकं धरणारं कुणी असेल, तर त्याला एकदा डॉक्टरांपुढे ‘ठणकतं’ हा शब्द उच्चारायला लावा. अर्धशिशीवर वेगळी आणि चांगली औषधं आहेत. अर्धशिशी उपचाराविना साधारण ४ ते ७२ तास टिकते. उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. ताणाच्या डोकेदुखीत फार तर दोन्हींपैकी एक नकोसं वाटतं आणि उलटी होत नाही.

दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, ही अडचण आहेच. म्हणून दर वेळचं क्रियापद वेगळं टिपावं लागतं.

सायनसचं म्हणाल, तर खरी सायनसची डोकेदुखी एकटी येत नाही. सोबत घट्ट, रंगीत शेंबूड, चोंदलेलं नाक, वास न येणं, कधी ताप असं सगळं लटांबर असतं. नाक कोरडं ठणठणीत आणि तरी ‘माझं सायनस’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची ती अर्धशिशी निघते.

एक तपासणी स्वतःला करता येते. दोन बोटांनी कानशिलं दाबा. मग दात चावून जबड्याचा जो स्नायू गालावर फुगतो, तो. मग मानेचा मागचा भाग, कवटी जिथे सुरू होते त्याच्या खाली. मग खांदा आणि मान यांच्यामधली ती जाड दोरी, जी आपण कुणाकडून तरी दाबून घेतो. माझ्या डॉक्टरांनी उजवीकडची दोरी दाबली तेव्हा मी खुर्चीतून उठले. ताणाच्या डोकेदुखीत या जागा दाबल्यावर दुखतात. हात लावताच ‘हेच ते’ असं वाटतं.

घरगुती उपायांच्या आधी

इथे मला सावकाश वाचा, प्रूफ वाचतात तसं. खालीलपैकी काहीही असेल तर तेल, लेप, पुढे सांगते ते कॅलेंडर, सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

डोकेदुखी अचानक, मिनिटभरात शिगेला पोचली, ‘आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं’ असं तोंडातून निघालं, तर १०८ ला फोन करा. मेंदूतल्या रक्तस्रावाची ही खूण असू शकते. तसंच तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, आकडी, गोंधळल्यासारखं वागणं, ताप येऊन मान ताठ होणं, यांतही १०८च. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली किंवा वाढत चाललेली डोकेदुखी. डोळा लाल होऊन दुखतोय आणि दिव्याभोवती वलयं दिसतायत. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली जोरदार डोकेदुखी. कॅन्सरचे किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण. या बाकीच्यांत त्याच दिवशी दाखवायचं.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणंही अंगावर काढायचं नाही. त्यातही कानशिलाला हात लावला, कंगवा फिरवला तरी दुखतंय, घास चावताना जबडा भरून येतोय, अंधुक दिसतंय, असं असेल तर तातडीने जा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार असतो आणि उशीर झाला तर नजर जाते. खोकताना, वाकताना किंवा पहाटे उठताना वाढणारी आणि आठवड्यागणिक चढत जाणारी डोकेदुखीही दाखवायला हवी.

पावसाळ्यात आमच्याकडे आणखी एक भानगड असते. ताप, अंगदुखी आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय तर डेंग्यूची शंका घ्या, आणि रक्त तपासेपर्यंत आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांना हात लावू नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळ केल्यावर घरातल्या एकापेक्षा अधिक जणांचं डोकं दुखत, गरगरत असेल, तर आधी खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

यातलं काहीच नसेल आणि डॉक्टरांची तपासणी ठीक असेल, तर स्कॅनची गरज सहसा लागत नाही. माझा केला नाही. मला तेव्हा थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करते. रक्तदाब मात्र मोजला, तो प्रत्येकाने मोजावाच. पण किंचित वाढलेल्या रक्तदाबाने रोज डोकं दुखतं, ही समजूत बहुतेक वेळा खरी नसते.

‘टेन्शन’ या शब्दाचा घोळ

या दुखण्याचं इंग्रजी नाव घरोघरी ‘टेन्शनची डोकेदुखी’ असं पोचलं आणि घोळ झाला. मराठीत टेन्शन म्हणजे काळजी. त्यामुळे रुग्णाला वाटतं, डॉक्टर म्हणतायत की हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत. सासू म्हणते, तिला कसलं आलंय टेन्शन! मी ‘ताण’ हाच शब्द वापरते. ताण दोरीला असतो, पापडाच्या पिठाला असतो, मानेलाही असतो आणि मनालाही.

नेमकं काय होतं? पूर्वी समजत की स्नायू आखडतात आणि म्हणून दुखतात, पण गोष्ट इतकी सरळ नाही. कवटीभोवतीचे आणि मानेचे स्नायू हळवे होतात, तिथून दुखण्याचे निरोप वर जात राहतात. असं महिनोन् महिने चाललं की मेंदूतली दुखणं वाचणारी यंत्रणाच हळवी होते आणि साध्या स्पर्शालाही ‘दुखतंय’ म्हणायला लागते. हे मला चटकन समजलं. सलग बारा तास प्रुफं वाचल्यावर मलाही बरोबर शब्द चुकीचे दिसायला लागतात.

झोप मोडणं, जेवण चुकणं, एकाच स्थितीत बसणं, दात आवळणं, काळजी, यांनी ते भडकतं. काळजी यादीत आहे, पण ती एकटी नाही.

कॅलेंडरवर आ आणि ठ

डॉक्टरांनी मला डोकेदुखीची वही ठेवायला सांगितली. वही मी तीन दिवस ठेवली. मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आले, जिथे दुधाचा हिशेब आणि सिलिंडर लावल्याची तारीख असते. तिथे रोज नजर जातेच.

माझी पद्धत अशी. आवळलं तर त्या दिवशीच्या चौकोनात ‘आ’. ठणकलं तर ‘ठ’. गोळी घेतली तर त्या अक्षरावर अनुस्वार. म्हणजे ‘आ’ हा नुसता आवळलेला दिवस आणि ‘आं’ हा गोळीचा दिवस. खूप दुखलं तर खाली एक रेघ. कोपऱ्यात, आठवलं तर, कारण: ‘जा’ म्हणजे जागरण, ‘उ’ म्हणजे उपास, ‘पा’ म्हणजे मासिक पाळी. एवढंच. घरात कुणाला कळत नाही आणि मला महिन्याच्या शेवटी अर्ध्या मिनिटात मोजता येतं.

मोजायचं काय? एक, अक्षरं किती. महिन्यात एखादं असेल तर फार मनावर घेऊ नका. चौदापर्यंत गेली तर वारंवार येणारी डोकेदुखी. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्याला १५ किंवा अधिक दिवस भरत असतील तर ती जुनाट झाली, आणि मग घरच्या घरी सोडवायचा प्रश्न राहिला नाही. दोन, अनुस्वार किती. आणि खरी गोम या दुसऱ्या आकड्यात आहे.

अनुस्वार मोजा

मी गोळ्या अशा घ्यायचे: डोकं धरलं की अर्धी. तासाभराने उरलेली अर्धी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडची एक, ज्यात वेदनाशामकाबरोबर कॅफीनही असतं. तिने तरतरी येते, फर्मा संपतो. पुढे पुढे सकाळी डोकं दुखण्याआधीच घ्यायला लागले, ‘आज दुखेलच’ म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, महिन्यातले किती दिवस गोळी घेता? मी म्हटलं, आठ-दहा. त्यांनी एक महिना टिपायला सांगितलं. कॅलेंडरवर बावीस अनुस्वार निघाले.

गोळ्यांच्या अतिवापराने डोकं दुखतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथे मोठ्याने सांगतेय. ज्याला मुळात डोकेदुखीचा त्रास आहे त्याने पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा कॅफीनमिश्रित, कोडीनवाल्या, अर्धशिशीच्या खास गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतल्या, तर गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरतात. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. इथे दिवस मोजायचे असतात, गोळ्या नाहीत. एका दिवसात दोन घेतल्या तरी अनुस्वार एकच.

उपाय एकच, थांबवणं. साध्या गोळ्या एकदम थांबवता येतात, पण ते डॉक्टरांना सांगून करा. कोडीन, ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्या स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका. आणि हे थांबवणं कामाच्या ऐन सीझनमध्ये करू नका. मी दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात थांबवल्या. पहिले सहा-सात दिवस वाईट गेले. दुखणं वाढलं, झोप नाही, चिडचिड. नवऱ्याने तीन दिवस स्वतः भाजी-भाकरी केली आणि एक अक्षर बोलला नाही. दहाव्या दिवशी सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. फडकं नव्हतं. पूर्ण फरक पडायला पुढे दीड-दोन महिने गेले.

आता मी गोळी घेते ती अशी. आवळायला लागलं की आधी अर्धा तास इतर उपाय. तरी चढतंच आहे असं दिसलं तर एकदाच आणि पुरेसा डोस. अर्ध्या-अर्ध्याचं हप्तेवारीचं गणित बंद. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन पन्नास किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास असेल, दारूची सवय असेल तर मर्यादा याहून कमी, ती विचारून घ्या. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते या बेरजेत धरा. आयब्युप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, खाऊन झाल्यावर. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, गोळ्यांनी वाढणारा दमा, गरोदरपण यांत नको. सोळाच्या आतल्या मुलांना ॲस्पिरिन नाही. आणि आठवड्यातले दोन दिवस ही माझी लक्ष्मणरेषा.

पाच किलोचा भोपळा

माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. मंडईतून तेवढा भोपळा आणताना आपण पिशवी अंगाशी धरतो. हात लांब करून कुणी आणत नाही. टेबलावर सपाट ठेवलेलं प्रूफ वाचताना मान मात्र तो भोपळा पुढे लांबवून दिवसभर धरून ठेवते.

माझ्या आईचं पोथी वाचायचं लाकडी स्टँड माळ्यावर होतं, फुलीसारखं उघडणारं. ते टेबलावर आणलं, खाली दोन जाड शब्दकोश घातले आणि प्रूफ त्यावर उभं केलं. शब्दकोशांचा मला इतका उपयोग याआधी झाला नव्हता. स्क्रीनवर वाचायचं तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, आणि लॅपटॉप असेल तर कीबोर्ड वेगळा. मोबाइलवर पीडीएफ तपासणं मी बंद केलं. संपादक रागावले, मग सवय झाली त्यांना.

चष्म्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. चाळिशीनंतर आपण प्रोग्रेसिव्ह काच घेतो, वर लांबचं, खाली जवळचं. या काचेतून समोरचा स्क्रीन वाचायचा तर जवळचा नंबर खालच्या भागात असल्यामुळे हनुवटी वर उचलावी लागते. दिवसभर हनुवटी वर म्हणजे कवटीखालचे स्नायू दिवसभर आखडलेले. मी कामासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. चष्मेवाल्याला टेपने मोजून सांगितलं: माझ्या डोळ्यापासून कागद पन्नास सेंटिमीटरवर असतो, त्या अंतराचा नंबर द्या. मानेच्या व्यायामापेक्षा मला या चष्म्याने जास्त आराम दिला.

तरी व्यायाम करतेच. पाठ भिंतीला टेकून उभं राहायचं, हनुवटी न उचलता, न झुकवता सरळ मागे ढकलायची, दुहेरी हनुवटी होते तशी. पाच सेकंद, दहा वेळा. बघणाऱ्याला हसू येतं. मग खांदे कानांपर्यंत उचलून एकदम सोडायचे. मग उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेऊन मान हलकेच उजवीकडे, वीस सेकंद, तसंच दुसरीकडे. झटका नाही, कडाकडा मोडणं नाही. सलूनमध्ये मान मोडून घेण्याची हौस असलेल्या आमच्या धाकट्या दिरांना मी हात जोडून सांगितलंय की भावोजी, तेवढं नको. हातात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर व्यायामाआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

मी घड्याळ लावत नाही. चार पानं झाली की उठायचं, खिडकीतून समोरच्या पिंपळाच्या शेंड्याकडे बघायचं, पाण्याचे चार घोट घ्यायचे. रोज संध्याकाळी अर्धा तास चालणं, सीझनमध्येसुद्धा. ते बंद पडलं की पुढच्या आठवड्यात ‘आ’ वाढतात, हे कॅलेंडरनेच दाखवलं.

आणि जबडा. अवघड मजकूर आला की मी दातावर दात घट्ट धरते, हे मला डेंटिस्टने सांगितलं. दाढा झिजल्या होत्या. जेवण सोडलं तर दिवसभरात दातांना दात लावायचं काही कारण नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला. जमत नसेल तर मनातल्या मनात ‘न’ म्हणा आणि तिथेच थांबा. जीभ बरोबर जागेवर जाते आणि दात आपोआप सुटे होतात. मी टेबलावर एका चिठ्ठीवर मोठा ‘न’ लिहून चिकटवलाय. नवीन आलेल्या ऑपरेटर मुलाला वाटलं, ती काहीतरी नकाराची पाटी आहे.

चहा, उपास, झोप

थोडक्यात. सीझनमध्ये मी आठ-नऊ कप चहा प्यायचे. तो एकदम बंद केला आणि दुसऱ्या दिवशी डोकं असं दुखलं की पुन्हा सुरू केला. कॅफीन अचानक तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत तीनवर आले, संध्याकाळी पाचनंतर नाही.

श्रावणी सोमवार, गणपती, नवरात्र, सगळं दिवाळी अंकांच्याच दिवसांत येतं. निर्जळी आणि रिकाम्या पोटाच्या प्रत्येक दिवशी कॅलेंडरवर ‘आ’ आणि कोपऱ्यात ‘उ’ होता. आता उपास करते, पण दर तीन तासांनी काहीतरी: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, केळं, ताक. देवीने तक्रार केलेली नाही.

झोपेची वेळ रोज साधारण तीच, रविवारीही. रविवारी दहापर्यंत लोळणाऱ्यांचं डोकं रविवारी दुपारीच का दुखतं, त्याचं उत्तर उशिरा झालेल्या चहात आणि चुकलेल्या न्याहारीतही असतं.

लेप, तेल आणि गरम पिशवी

सुंठ उगाळून लावायची आमच्या आजीची पद्धत. मला त्याने फक्त चुरचुरतं. पुदिन्याच्या उग्र जातीचं, पेपरमिंटचं तेल मात्र कानशिलांवर लावून बघण्यासारखं आहे. जर्मनीत त्याचं दहा टक्क्यांचं द्रावण याच डोकेदुखीवर वापरतात. डोळ्यांपासून लांब, आणि लहान बाळांना नको. तेलाची चंपी बरी वाटते, कारण ती कुणीतरी दुसरं करतं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून मानेखाली पंधरा मिनिटं, हा माझा सर्वांत भरवशाचा उपाय. वन्संना याउलट कपाळावर गार पट्टी लागते.

याच्या जोडीला स्नायू सैल सोडायची एक रीत शिकले. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ती गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. शवासनात पडायचं. पायाची बोटं पाच सेकंद घट्ट आवळायची, मग एकदम सोडून वीस-तीस सेकंद तो सैलपणा नुसता बघायचा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, डोळे, कपाळ. नुसतं ‘सैल सोडा’ म्हटलं तर आपल्याला कळतच नाही काय सोडायचं. आधी आवळलं की कळतं. पहिले दोन आठवडे मला खांद्यांपर्यंत पोचेस्तोवर झोप लागायची. दुखत नसतानाही रोज करायचं असतं, नाहीतर दुखताना जमत नाही.

गोळी, पण वेगळी

माझे गोळ्यांचे अनुस्वार गेले तरी ‘आ’ महिन्याला सोळा-सतरा उरत होते. तेव्हा डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलीन दिली, १० मिलिग्रॅम, रात्री. घरी येऊन माहिती वाचली तर नैराश्यावरचं औषध! मी दोन दिवस ते घेतलंच नाही. फोनवर त्यांनी समजावलं, नैराश्यासाठी याच्या कितीतरी पट डोस लागतो; इथे ते दुखण्याची हळवी झालेली यंत्रणा शांत करायला आहे. हे औषध दुखताना घ्यायचं नसतं, रोज घ्यायचं असतं, आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी जडपणा येतो, पोट साफ होत नाही. मी रात्री दहाऐवजी आठला घ्यायला लागले तेव्हा सकाळ सुधारली. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, लघवी अडणं, इतर मानसिक औषधं यांतलं काही असेल तर आधी सांगायचं. मला सहा-सात महिने दिली आणि हळूहळू उतरवत बंद केली.

डॉक्टरांकडे जाताना तीन महिन्यांची कॅलेंडरची पानं, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (सर्दीच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा) आणि एक क्रियापद, एवढं बरोबर न्या. मन खरोखर थकलं असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही त्याच दमात सांगा. त्यावरचे उपचार डोक्यालाही लागू पडतात.

आत्ता ऑक्टोबर चालू आहे. भिंतीवर या महिन्याचे चार ‘आ’ आहेत, त्यांतला एक ‘आं’. तो सोमवारचा, दोन अंकांच्या जाहिरातींची पानं एकाच रात्री आली तेव्हाचा. आत्ता साडेदहा वाजलेत, शेवटचा फर्मा स्टँडवर उभा आहे, अकरा पानं उरलीयत आणि उजव्या खांद्याची दोरी ओढायला लागलीय. गरम पाण्याची पिशवी भरून घेते. ती अकरा पानं उद्या सकाळी; संपादकांना आत्ताच कळवलंय.